फायलींचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग ज्याच्यावर एकदा तरी आला आहे, त्याला एक गोष्ट मी सांगायला नको. कपाटे, पलंग, ट्रंका, धान्याचे डबे ही जी वजनदार मंडळी, ती फारसा त्रास देत नाहीत. चार हमाल येतात, एक टेम्पो येतो आणि दुपार टळेपर्यंत सारे काही नव्या जागेत रचून होते. खरा त्रास देतात त्या हमालाला उचलता न येणाऱ्या वस्तू. वीजबिल कोणाच्या नावावर येते, गच्चीत पापड वाळत घालण्याचा हक्क कोणत्या मजल्याचा, जादा किल्ली कोणत्या शेजारणीकडे असते, रात्री उशिरा येणाऱ्या पाहुण्याने कोणत्या खिडकीवर टकटक करायची! यांची नोंद कुठल्याही यादीत नसते; पण घर म्हणजे पुष्कळसे याच गोष्टी असतात.

हे मला नव्याने कळले ते एका चमत्कारिक बिऱ्हाडाच्या निमित्ताने. त्यात एकही भांडे नव्हते, की गादीची वळकटी नव्हती. हलवायच्या होत्या त्या फायली, आणि त्याही संगणकातल्या. दिवाळीच्या फराळाच्या ताटात कोणी खिळेमोळे वाढतो का, असे हे वाचून एखाद्याला वाटेल. पण थोडा धीर धरावा. या खिळ्यामोळ्यांतही चवीने बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

फाईल सर्व्हर म्हणजे काय, ते प्रथम शाळामास्तराच्या रीतीने सांगतो. कार्यालयात वीस टेबले आहेत आणि वीस संगणक आहेत. प्रत्येकाने आपले कागद आपल्याच संगणकात ठेवले, तर रजेवर गेलेल्या माणसाबरोबर अर्धे कार्यालयही रजेवर जाते. म्हणून एक दणकट यंत्र एका बंद, थंड खोलीत ठेवतात आणि सर्वांचे दस्तऐवज त्याच्या पोटात राहतात. टेबलावरच्या संगणकात दिसते ती त्या कोठाराची नुसती खिडकी. त्या खिडकीला बहुधा एखादे इंग्रजी अक्षर दिलेले असते. आमच्या शिक्षणसंस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात ते 'जी' होते. हेडक्लार्क भाऊसाहेबांना विचारा, ते म्हणणार, "पगारपत्रक जीमध्ये आहे," जसे आपण म्हणावे, लोणचे माळ्यावर आहे. हा 'जी' नेमका कुठे असतो हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असण्याची त्यांना कधी गरजही पडली नव्हती. चांगल्या चाकरीचे लक्षणच ते. पाणी येत असते तोवर टाकी कुठे आहे हे कोण विचारतो?

२०१९च्या दिवाळीच्या सुट्टीत हा 'जी' हलवायचे ठरले. जुन्या सर्व्हरवर विंडोजची २००८ सालच्या पिढीतली आवृत्ती चालत होती, आणि १४ जानेवारी २०२० नंतर तिची डागडुजी कंपनी करणार नव्हती. नवा सर्व्हर लिनक्सचा, त्यावर 'साम्बा' नावाची प्रणाली. या कामासाठी तिघांची समिती नेमली गेली. परीक्षांचे कागद माझ्याकडे असल्यामुळे तीत माझीही वर्णी लागली. प्रत्यक्ष काम करायला जो तंत्रज्ञ आला, तो निघाला माझाच एक जुना विद्यार्थी. दहावीपर्यंत निबंधात त्याची मजल दहापैकी पाचांच्या पुढे कधी गेली नव्हती. पण त्या आठ-दहा दिवसांत त्याने मला जे समजावून सांगितले, त्याला मी साडेनऊ गुण आनंदाने दिले असते.

भाऊसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावले, "आम्ही हे एकदा पाहिलंय, बाळा. सापवाल्या मशीनच्या वेळी."

हा साप काय, ते मला त्या दिवशी कळले. फार पूर्वी संस्थेत 'नेटवेअर'चा सर्व्हर होता. अमेरिकेतल्या यूटा राज्यातील प्रोव्हो गावची 'नॉव्हेल' कंपनी. तिचे नेटवेअर १९८०च्या दशकात निघाले, आणि पुढे नव्वदीच्या पूर्वार्धापर्यंत कार्यालयातले संगणक एकमेकांस जोडायचे म्हणजे नेटवेअर, असे समीकरणच होऊन बसले. त्या यंत्राला काही काळ कोणी हात लावला नाही की त्याच्या काळ्या पडद्यावर एक लाल साप वळवळू लागे. यंत्रावर कामाचा बोजा जितका अधिक, तितका साप लांब आणि चपळ. भाऊसाहेब सांगत होते, "मार्च अखेरीला असा पळायचा, की बघवत नसे." गुप्तधनावर नाग बसलेला असतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो कामाचा हिशेबही सांगतो, हे मात्र मला नवीन होते.

पण नेटवेअरची खरी थोरवी सापात नव्हती, ती हक्कांच्या वाटणीत होती. एखाद्या कप्प्यावर कोणाचा काय अधिकार, याचे त्यात आठ प्रकार होते. वाचण्याचा हक्क वेगळा, लिहिण्याचा वेगळा, नवे निर्माण करण्याचा वेगळा, पुसून टाकण्याचा वेगळा, नाव-गुण बदलण्याचा वेगळा. इतकेच काय, फाईलचे नाव नुसते दिसण्याचाही एक स्वतंत्र हक्क होता. तो नसेल त्याला ती वस्तू तिथे आहे हेच कळत नसे. दुसऱ्याला हक्क देण्याचा हक्क हा सातवा, आणि सर्वाधिकार हा आठवा. एकत्र कुटुंबातल्या आजीच्या कनवटीला लटकणाऱ्या जुडग्याचीच आठवण यावी. कोणती सून लोणच्याच्या बरणीला हात लावू शकते आणि कोणती फक्त दागिन्यांच्या पेटीचे अस्तित्व जाणते, हे त्या माउलीला पक्के ठाऊक असायचे.

आता याच्या शेजारी युनिक्सची जुनी रीत ठेवून पाहा. तिथे माणसे तीनच प्रकारची: धनी, धन्याचा गट आणि बाकीचे जग. हक्कही तीनच: वाचणे, लिहिणे, चालवणे. तीन त्रिक नऊ, संपला कारभार. आठ बारीक हक्कांची घडी या नऊ खणांत बसवायची, म्हणजे नऊवारी लुगडे रुमालाच्या घडीत बसवण्यासारखे आहे. नेटवेअरचा काळ सरत आला तेव्हा नॉव्हेलपुढे हाच पेच होता. त्या कंपनीने लिनक्सवाली 'सूसे' ही कंपनी विकत घेतली, आणि २००७ साली 'ओपन एंटरप्राइझ सर्व्हर'ची दुसरी आवृत्ती काढली. तीत पाया लिनक्सचा होता; पण वर नेटवेअरची साठवण, तिचे हक्क आणि तिची बोली जशीच्या तशी उभी केली होती. जुना नेटवेअर सर्व्हर आणि नवा लिनक्स सर्व्हर एकाच वंशवृक्षात शेजारी शेजारी नांदावेत, आणि ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा हलावे, अशी ती व्यवस्था होती. २०१० साली नेटवेअरचा सर्वसाधारण आधार संपला, तोवर गिऱ्हाइकांना वेळ मिळाला. मला ही रीत शहाणपणाची वाटते. नव्या घराची वास्तुशांत झाल्याबरोबर जुन्याला कुलूप ठोकणारा माणूस उत्साही असेल, पण संसारी नव्हे.

हक्कांइतकाच दुसरा पेच भाषेचा. सर्व्हरशी बोलायच्या भाषा ठरलेल्या असतात. आयबीएममध्ये १९८०च्या दशकाच्या आरंभी एक जन्मली, तिला 'एसएमबी' म्हणतात. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली आणि विंडोजचे सारे संगणक तीच बोलू लागले. 'सन' कंपनीने १९८४ साली दुसरी काढली, 'एनएफएस'; ती युनिक्सवाल्यांची. दोन्ही भाषांत मागणे एकच असते, अमुक कागद दे. पण एकीत मागितलेले दुसरीला कळत नाही.

या दोन भाषांमधला पूल कसा पडला, ती हकिकत माझ्या विद्यार्थ्याने मला चहा पिता पिता सांगितली, आणि ती मला एखाद्या कादंबरीसारखी वाटली. १९९१च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथील विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक विद्यार्थी होता. आपल्या डॉसच्या संगणकावरून युनिक्स यंत्रातले साहित्य दिसावे, एवढीच त्याची इच्छा. पण तो संगणक जी भाषा बोलत होता तिचे व्याकरण त्याच्याजवळ नव्हते. मग त्याने काय केले? तारेतून जाणारे संभाषण तो चोरून नव्हे, पण कान देऊन ऐकू लागला. या यंत्राने असे म्हटले की ते यंत्र तसे देते. पुन्हा तसेच म्हटले की पुन्हा तसेच देते. या पद्धतीला त्याने पुढे फ्रेंच उपाहारगृहाची उपमा दिली. फ्रेंच शिकायची आहे, पुस्तक नाही, शिक्षक नाही. मग पॅरिसच्या उपाहारगृहात जाऊन बसावे, लोक काय मागतात आणि वाढपी काय आणून ठेवतो ते पाहत राहावे. एक दिवस आपणही तेच शब्द म्हणावेत आणि आपल्यापुढे काय येते ते बघावे.

मी भाषेचा मास्तर. कोकणातून घाटावर आलेली मुले, बंजारा तांड्यावरून आलेली मुले, घरी कन्नड बोलणारी मुले प्रमाण मराठी याच रीतीने शिकताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. व्याकरणाचे पुस्तक त्यांच्या मदतीला फार उशिरा येते. आधी येतो तो मधल्या सुट्टीतला डबा. म्हणून ट्रिजेलची ती युक्ती ऐकून मला त्याच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला.

त्याने जे रचले ते आधी निराळ्या नावाने चालले होते. ते नाव सोडण्याची पाळी १९९४ साली आली, तेव्हा त्याने संगणकातल्या शब्दकोशालाच विचारले: एस, एम आणि बी ही तीन अक्षरे याच क्रमाने ज्यांत येतात असे शब्द काढ. जे चार-दोन निघाले त्यांत एक होता 'साम्बा', ब्राझीलच्या नाचाचे नाव. आमच्या भाऊसाहेबांना मात्र हा इतिहास पटला नाही. "सांब म्हणजे आपला सांब सदाशिव. भोळा आहे, कोणालाही पावतो," असे म्हणून त्यांनी नव्या यंत्राला हळदकुंकू लावले. मला तर त्यांची व्युत्पत्तीच अधिक अर्थपूर्ण वाटली. विंडोजवाला येवो, लिनक्सवाला येवो, याच्या दारातून कोणी विन्मुख जात नाही.

हा भोळा सांब भांडणातूनही गेला. आपल्या भाषेचे व्याकरण कंपनीने इतरांना खुले करावे की नाही, हा वाद युरोपात गाजला. युरोपीय आयोगाने मार्च २००४मध्ये ते खुले करा असा निर्णय मायक्रोसॉफ्टविरुद्ध दिला, १७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याच डिसेंबरात दहा हजार युरो मोजून ते कागद साम्बाच्या कारागिरांच्या हाती आले. म्हणजे सोळा वर्षे उपाहारगृहात बसून भाषा ऐकणाऱ्या माणसांना अखेर व्याकरणाचे पुस्तक मिळाले. तोवर त्यांना बोलता चांगलेच येऊ लागले होते.

आता आमच्या बिऱ्हाडाकडे वळतो.

कार्यालयातली सारी यंत्रे विंडोजची, तर दोन शाळांच्या संगणककक्षांत लिनक्स. त्यामुळे नव्या कोठाराला दोन दारे ठेवली होती, एक एसएमबीचे आणि एक एनएफएसचे. दोन दारे म्हणजे दोन चालीरीती. युनिक्सच्या रीतीने इंग्रजीतले मोठे अक्षर आणि लहान अक्षर ही दोन वेगळी माणसे. विंडोजला ती एकच वाटतात. मुलांनी मोठ्या 'एन'ने एक 'नकल' आणि लहान 'एन'ने दुसरी 'नकल' साठवलेली. विंडोजच्या खिडकीतून उघडायला जावे तर दोहोंपैकी कोणती हाती येईल याचा भरवसा नाही. एका मुलीने निबंधाच्या फाईलला नाव दिले होते, 'आमची सहल कशी झाली?' हे प्रश्नचिन्ह लिनक्सला चालते, विंडोजच्या नावात ते निषिद्ध आहे. तेव्हा साम्बाने विंडोजवाल्यांसाठी त्या नावाचे एक त्रोटक, नागमोडी रेघ असलेले टोपणनाव करून ठेवले. सहल कशी झाली, ते शेवटी कार्यालयाला कळलेच नाही.

पण सर्वांत मौजेचा घोटाळा आमच्या मराठीने केला. लिनक्सच्या नेहमीच्या साठवणीत फाईलचे नाव २५५ बाइटांहून मोठे असू शकत नाही. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते; देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. हिशेब करा: पंच्याऐंशी चिन्हांत कारभार आटोपला पाहिजे. विंडोजच्या साठवणीत मात्र २५५ चिन्हांपर्यंत जाता येते. आणि आमचे शिक्षक फायलींना नावे कशी देतात? 'इयत्ता नववी प्रथम सत्र परीक्षा मराठी प्रथम भाषा प्रश्नपत्रिका सुधारित मुख्याध्यापकांनी तपासलेली अंतिम' आणि तिच्या शेजारी, 'अंतिम'च्या पुढे 'खरी अंतिम'! जुन्या घरातून या लांब नावाच्या फायली निघाल्या आणि नव्या घराच्या दारात अडकल्या. "सर, या माझ्या हातून लहान होत नाहीत, अर्थ बिघडतो," असे म्हणून त्याने ती यादी माझ्यापुढे ठेवली. नावांचे संक्षेप करण्यात माझे दोन दिवस गेले. शीर्षक आटोपशीर असावे हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो. त्याला असे यांत्रिक समर्थन मिळेल हे स्वप्नातही नव्हते.

कुलपांचाही प्रश्न होता. भाऊसाहेबांनी पगारपत्रक उघडले की दुसऱ्या टेबलावर ते फक्त वाचायला मिळते, लिहिता येत नाही. हजेरीपटावर एका वेळी एकाच्याच हातात लेखणी असावी, तसे. पण हे कुलूप एका दाराच्या भाषेतले. दुसऱ्या दारातून येणाऱ्याला ते दिसेलच असे नाही. म्हणून प्रत्येक कप्प्याला लिहिण्यासाठी एकच दार नेमून दिले. दुसऱ्या दारातून पाहावे, हात लावू नये.

प्रत्यक्ष हलवाहलव कशी होते, हे मला सर्वांत आवडले. एका रात्रीत सगळे उचलत नाहीत. कार्यालयाचे काम चालू असतानाच पहिली नक्कल सुरू होते. ती कितीक दिवस चालते. तोवर जुन्या घरात रोज काही नवे लिहिले जातेच. मग प्रत्येक रात्री फक्त बदललेले तेवढे नेतात. दिवसागणिक हा फरक कमी कमी होत जातो, आणि शेवटची खेप चार-दोन तासांची उरते. गंमत अशी, की केवळ फरक तेवढा न्यावा हे शास्त्र १९९६ साली 'आरसिंक' या साधनाने रूढ केले, आणि त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक पुन्हा आपला ट्रिजेलच. दुसरे पॉल मॅकेरस. एकाच माणसाने परक्याची भाषाही शिकून ठेवली आणि बिऱ्हाड हलवण्याची हातोटीही.

शेवटच्या खेपेसाठी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसाची रात्र धरली होती. कार्यालय रिकामे, सारे घरी करंज्या तळत असलेले. त्या रात्री जुन्या सर्व्हरवर लिहिण्याची बंदी झाली. त्याने सांगितले, "सर, या धंद्यात चोरीपेक्षा मोठी भीती एकच. एकाने जुन्या घरात लिहिलं, दुसऱ्याने नव्यात. मग खरा कागद कोणता?" दोन घरे चालतील, दोन सत्ये चालत नाहीत. म्हणून जुने घर पुढे तीन महिने उघडे राहिले, पण केवळ पाहण्यापुरते. आणि जुन्या यंत्राचे नाव नव्या यंत्राला उपनाव म्हणून दिले, म्हणजे टेबलाटेबलावरच्या खुणा जुन्याच नावाने हाक मारीत राहिल्या आणि ओ मात्र नवे यंत्र देऊ लागले. दिवाळीनंतर भाऊसाहेब आले, त्यांनी 'जी' उघडला, पगारपत्रक होते तिथेच होते. "मग हलवलं काय?" त्यांनी विचारले. माझ्या विद्यार्थ्याला याहून मोठी पावती मिळाली नसती.

फक्त एक म्हातारे यंत्र नव्या घरी यायला तयार होईना. कागदाची छबी काढून थेट कोठारात टाकणारे झेरॉक्स यंत्र. ते एसएमबीची पहिली, जुनाट बोली तेवढी जाणत होते. याच जुन्या बोलीतल्या एका फटीतून १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची साथ जगभर शिरली. इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांतले संगणक तिने बंद पाडले. तेव्हापासून शहाणी घरे ती बोली बोलणाऱ्याला दारातच थांबवतात. पण झेरॉक्स यंत्र मोडीत काढायला संस्थेजवळ पैसे नव्हते. तेव्हा त्याच्यापुरती एक लहानशी पडवी बांधली: बाकीच्या जाळ्यापासून तोडलेले एक छोटे यंत्र, जे त्याची बोली ऐकते, कागद ठेवून घेते, आणि मग कोठार स्वतःहून येऊन ते घेऊन जाते. म्हाताऱ्याचा मान राहिला आणि घराची कडीही शाबूत राहिली.

हे सारे झाले, पण अवघड भाग हक्कांचाच ठरला. साधी नक्कल केली की कागद येतो, त्याचे जुने हक्क येत नाहीत. तो नव्या जागेचे हक्क अंगावर घेतो. म्हणजे शिक्षकांचे गोपनीय अहवाल नव्या घरात उघड्या ओसरीवर पडायचे! म्हणून प्रत्येक कागदाचे हक्कपत्र त्याच्याच पदराला बांधून आणावे लागते. साम्बाला ते येते. ते नीट आले की नाही, हे पाहण्यासाठी माझ्या विद्यार्थ्याने एक तक्ता काढला: कप्पा, त्याचा धनी, कोणाला काय हक्क. तो वाचता वाचता एका ओळीवर तो थांबला.

"सर, या फोल्डरचा धनी कोण?"

धन्याच्या जागी नाव नव्हते. एस-१-५-२१ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक आकडा होता. सर्व्हर माणसांना आतून आकड्यांनीच ओळखतो. नाव तो आपल्यासाठी दाखवतो. माणसाचे खाते पुसले की नाव जाते आणि आकडा तेवढा कागदांवर मागे राहतो.

फोल्डर उघडल्यावर मी ओळखले. आमच्या शाळेतल्या एक बाई होत्या. २०१३ साली त्या गेल्या. नववीच्या मुलांना त्या दर दिवाळीच्या सुट्टीत एकच गृहपाठ देत: आपल्या आजीला जात्यावरच्या ओव्या विचारा आणि लिहून आणा. मुलांनी आणलेले कागद बाई शाळा सुटल्यावर संगणकात उतरवून ठेवीत. प्रत्येक फाईलला आजीचे नाव आणि गाव. त्या गेल्यावर नियमाप्रमाणे त्यांचे खाते पुसले गेले होते.

समितीचा एक नियम होता: पाच वर्षांत ज्याला कोणी हात लावला नाही आणि ज्याला धनी नाही, ते न्यायचे नाही. नियम वाईट नव्हता. जागेला पैसे पडतात, आणि जुन्या कोठारांत खरोखरच कचरा फार असतो. समितीतल्या तिसऱ्या सभासदांनी नियमावर बोट ठेवले. मी म्हटले, "धनी नाही असे कसे? धनी गेल्या आहेत." ते म्हणाले, "यंत्राला दोन्ही सारखंच." मी म्हटले, "म्हणून तर समिती नेमली ना?" यावर ते हसले आणि त्यांनी सही केली.

माझ्या विद्यार्थ्याने सुचवले, धनी म्हणून व्यवस्थापकाचे नाव घालू. सगळीकडे तसेच करतात. मी त्याला म्हटले, "अरे, तू नववीत असताना तुझ्या आजीच्या ओव्या यात दिल्या असशील." तो काही बोलला नाही. त्याने शोधले. त्याच्या आजीचे नाव आणि गाव तिथे होते. मग त्याने स्वतःच एक युक्ती काढली. बाईंच्या नावाने नवे खाते काढले, फोल्डरची मालकी त्या नावावर केली आणि लगेच ते खाते बंद करून टाकले. त्या नावाने आत कोणी येऊ शकत नाही, पण कागदावर नाव दिसते. वाचण्याचा हक्क मात्र संस्थेच्या सर्व शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांना दिला.

कागद आले, तपासणी झाली, एकही बाइट इकडचा तिकडे झालेला नव्हता. आणि तरीही त्या फायली उघडल्या तेव्हा पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! बाईंनी त्या एका जुन्या मराठी टंकात लिहिल्या होत्या. त्या काळी असे टंक इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी वळणे बसवीत. तो टंक यंत्रात नसला की उरते ती खिचडी. सर्व्हरचे काम बाइटांपाशी संपते. तिथून पुढे नेण्याचे काम भाषेच्या माणसाचे. एका जुन्या संगणकावर तो टंक सापडला. त्यावर मी एकेक फाईल उघडतो, आणि सुट्टी मिळेल तशी आजच्या युनिकोडमध्ये उतरवतो. काही कामे यंत्र करते, पण जोडाक्षरांत आणि रफारांत ते चुकते. बारामतीकडची आजी आणि कराडकडची आजी एकच शब्द निराळा म्हणते, हे तर त्याला माहीतच नाही. निम्म्याहून अधिक ओव्या झाल्या आहेत.

मागल्या वर्षी संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेतून एका नव्या शिक्षिकेचा फोन आला. वर्गात शिकवायला काही शोधताना त्यांना तो फोल्डर दिसला होता. त्यांनी धन्याचे नाव वाचले होते.

"सर," त्यांनी विचारले, "या बाई कोण?"

माझा तास सुरू व्हायला अर्धा तास होता. तो सगळा मी सांगण्यात घालवला.